कण पोचला का? सोलापुरातल्या एका घरातले १९ दिवस

मावशीच्या बायॉप्सीचा रिपोर्ट हातात पडला आणि ऑपरेशनची तारीख ठरली, या दोहोंत १९ दिवस गेले. दवाखान्यात नंबर लागत नव्हता असं नाही, पैशाचीही अडचण नव्हती. मधे एक गुळगुळीत रंगीत पत्रक आलं, आणि त्यावर विश्वास बसावा अशी मशागत घरात मी आधीच करून ठेवली होती. मी सोलापुरात फार्मसी शिकवते. कर्करोग दाखवणारे आणि त्याच दमात त्यावर उपचार करणारे सेंद्रिय नॅनोकण, म्हणजे डोळ्यांना न दिसणारे अतिसूक्ष्म कण, हा माझ्या प्रयोगशाळेतला रोजचा विषय. त्यामुळे या प्रकरणात मी नुसती साक्षीदार नाही, थोडीशी आरोपीही आहे. मावशीला विचारून लिहिते आहे; ओळख पटेल असे तपशील वगळलेत.

मावशी ६१ वर्षांची. काकांचं अक्कलकोट रोडला सुताचं डायिंग होतं. चादरी-टॉवेलवाल्या कारखानदारांना रंगवलेलं सूत द्यायचे. ते बंद करून पाच वर्षं झाली, पण लग्नात समोरून जाणाऱ्या साडीचा रंग कुठल्या जातीचा आहे हे अजून सांगतात. मुलगा युनिफॉर्मच्या धंद्यात. जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेचा गड्डा भरलेला असताना अंघोळ करताना मावशीच्या हाताला डाव्या स्तनात गाठ लागली. दुखत नव्हती म्हणून तिनं यात्रा होऊ दिली, मग सांगितलं. न दुखणारी गाठ आधी दाखवावी असं डॉक्टर घसा फोडून सांगतात, आणि घरोघरी नेमकं उलट चालतं.

तपासण्या भराभर झाल्या. गाठ २.३ सेंटिमीटर, ग्रेड दोन, ईआर-पीआर पॉझिटिव्ह (म्हणजे स्त्री-संप्रेरकांवर वाढणारी), हर-टू (गाठ वाढवणारं एक प्रथिन) निगेटिव्ह, सोनोग्राफीत काखेत संशयास्पद काही नाही. सर्जनचं म्हणणं सरळ होतं. स्तन न काढता गाठ काढायची, काखेतली पहिली ग्रंथी (कर्करोग पसरला तर आधी जिथं जातो ती) तपासायची, मग रेडिएशन, मग पाच वर्षं गोळी. केमो लागेल की नाही ते काढलेल्या गाठीचा पूर्ण रिपोर्ट आल्यावर. केशरी रेशनकार्ड होतं, महात्मा फुले योजनेत बसत होतं. मावशीनं यातला एकच शब्द ऐकला, केमो.

दोन दिवसांनी मावसभाऊ माझ्याकडे पत्रक घेऊन आला. दुसऱ्या राज्यातलं एक केंद्र. 'सेंद्रिय नॅनोकण: पाहा आणि जाळा, एकाच इंजेक्शनमध्ये.' शस्त्रक्रिया नाही, केमो नाही, केस जाणार नाहीत. तीन बैठका, ४ लाख ६० हजार. २५ हजार त्यानं मोबाइलवरून आधीच पाठवले होते.

"एवढी घाई कशाला केलीस?" मी म्हटलं.

"ताई, तूच तर दिवाळीत सांगितलं होतंस की."

सांगितलं होतं. भाऊबीजेला सगळे जमले होते, तेव्हा मी फोनवर कुपीचा फोटो दाखवला होता. डोपामिनचं पाण्यासारखं नितळ द्रावण किंचित अल्कधर्मी करून हवेत ढवळत ठेवलं की आधी गुलाबीसर, मग तपकिरी, सकाळपर्यंत काळंकुट्ट होतं. चिरून ठेवलेलं वांगं काळं पडतं ना, रसायन साधारण त्याच घराण्यातलं. कृती नीट जमली तर तयार होतात पॉलिडोपामिनचे कण, आपल्या कातडीतल्या मेलॅनिनचे भाऊबंद. त्यांच्यावर जवळच्या अवरक्त प्रकाशाचा लेझर टाकला की ते तापतात. तापताना फुगतात, आणि लेझर थांबून थांबून मारला तर त्या फुगण्या-आकसण्याचा बारीक आवाज होतो, जो सोनोग्राफीसारख्या यंत्रानं टिपून चित्र काढता येतं. कण एकच, झोत सौम्य ठेवला तर चित्र, वाढवला तर चटका. "म्हणजे गाठ बघायची आणि तिथंच जाळायची," असं मी दिवाळीत फराळाचं ताट हातात धरून म्हणाले होते. पुढचं वाक्य, 'हे अजून उंदरात', मी म्हणाले होते की नाही ते आठवत नाही. आणि म्हणाले असले तरी चकलीच्या आवाजात कुणाच्या लक्षात राहणार?

पत्रक मी दोनदा वाचलं. गंमत म्हणजे त्यातलं विज्ञान बहुतेक खरं होतं. २०११ साली टोरांटोतल्या गटानं पॉर्फिरिन आणि लिपिड जोडून साधारण १०० नॅनोमीटरचे फुगे केले, त्यांना पॉर्फिसोम म्हणतात. त्याची आकृती होती. पॉर्फिरिन म्हणजे रक्तातल्या हीमच्या आणि पानातल्या हरितद्रव्याच्या कुळातले रेणू. या फुग्यात ते इतके दाटीवाटीनं बसतात की प्रकाश शोषूनही चमकत नाहीत, सगळी ऊर्जा उष्णतेत जाते. पेशीत जाऊन फुगा फुटला की रेणू सुटे होतात आणि चमक परत येते.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "हे रोडामाईन झालं." डबा उघडला तर रोडामाईनची भुकटी हिरवट, मळकट दिसते, तिचा कण पाण्याच्या बादलीत पडला की बादली गुलाबी पेटते. घट्ट असताना विझलेला, सुटा झाला की पेटलेला. मी दहा वर्षं हे वर्गात शिकवते आणि मला हे उदाहरण सुचलं नव्हतं.

खोट होती ती शब्दांच्या वापरात. 'सेंद्रिय' या शब्दाशेजारी हिरवं पान छापलं होतं. मावशी सेंद्रिय गूळ घेते, तिला वाटलं त्यातलंच काहीतरी, म्हणजे निर्धोक. रसायनशास्त्रात सेंद्रिय म्हणजे कार्बनी संयुगांचं. बेन्झिनसुद्धा सेंद्रियच, आणि त्यानं रक्ताचा कर्करोग होतो. सोनं, लोखंड अशा धातूंच्या कणांपेक्षा सेंद्रिय कण शरीरात विरघळून, तुटून बाहेर पडायची शक्यता जास्त, हा त्यांचा खरा गुण. पण शक्यता प्रत्येक कणासाठी वेगळी सिद्ध करावी लागते, पान छापून होत नाही.

मग पत्रकातला तो फोटो. उष्णता दाखवणाऱ्या कॅमेऱ्याचा, निळ्यावर पिवळा, मधोमध लालभडक ठिपका, खाली '५ मिनिटांत ५५ अंश'. मावशी चष्मा लावून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "ही दोरी कसली गं?" फोटोच्या उजव्या कडेला एक निळसर बारीक शेपूट बाहेर जात होतं. कापायचं राहिलं होतं.

उंदरावरचे हे प्रयोग एका साच्याचे असतात. २० ग्रॅमचा उंदीर, कुशीवर कातडीखाली मुद्दाम वाढवलेली वाटाण्याएवढी गाठ, शेपटीच्या शिरेतून कण, एक दिवस वाट, मग कातडीवरून ८०८ नॅनोमीटरचा लेझर पाच-दहा मिनिटं. गाठ भाजून निघते. कातडीखालीच असते, भाजणारच. त्या प्रकाशाचा जोर आपल्या मांसात काही मिलिमीटरमागे झपाट्यानं उतरत जातो, सेंटिमीटरभर खाली उरतं ते थोडकं. मावशीची गाठ खोल होती आणि काखेचा प्रश्न वेगळाच. काखेतल्या न दिसणाऱ्या पेशींवर लेझर कुठं धरणार?

इथवर मी बरोबर होते. पुढं मात्र चुकले. पुढचे चार-पाच दिवस मी रोज संध्याकाळी जाऊन भाषण दिलं. टप्पे, चाचण्या, विषारीपणा, परवाने. भाऊ मान डोलवायचा आणि रात्री पत्रकवाल्यांच्या ग्रुपवर 'बऱ्या झालेल्या' रुग्णांचे व्हिडिओ बघायचा. त्याचा मित्र तर मला तोंडावर म्हणाला, "काय बे, म्याडमला स्वतःच्याच संशोधनावर विश्वास नाय." त्याला उत्तर द्यायला मला सुचलं नाही, कारण त्यात तथ्य होतं. मी प्रकल्पाच्या अर्जात लिहिते ते आणि मावशीला सांगते ते, यांत अंतर होतंच.

गाडी हलली ती काकांच्या एका प्रश्नामुळे. ते एरवी गप्प बसलेले असायचे. म्हणाले, "ते जाळायचं राहू दे. मला सांग, टाकीत घातलेला रंग सुतावर चढतो किती आणि नाल्यात जातो किती?"

डायिंगवाल्याचा हा पहिला हिशोब. आणि आमच्या विषयातलाही हाच पहिला असायला हवा, पण आम्ही तो तिसऱ्या-चौथ्या पानावर ढकलतो. २०१६ साली दहा वर्षांतल्या प्राण्यांवरच्या प्रयोगांचा एकत्र आढावा निघाला होता. शिरेतून दिलेल्या नॅनोकणांपैकी गाठीपर्यंत पोचलेला वाटा, मध्यांक धरला तर, ०.७ टक्के. बाकीचे मुख्यतः यकृत आणि प्लीहा गिळतात.

"म्हणजे शंभर किलोत पाऊण किलोसुद्धा नाही?" काका म्हणाले. "असला धंदा मी एक दिवस चालवला नसता."

हा आकडा ऐकून सगळं मोडीत काढणंही बरोबर नाही, हे मला सांगावंच लागलं. साधं औषध शिरेतून दिलं तरी गाठीत जाणारा वाटा थोडाच असतो, आणि नॅनोकणांतली काही औषधं रोज वापरात आहेत. लायपोसोमात, म्हणजे लिपिडच्या सूक्ष्म फुग्यात, भरलेलं डॉक्सोरुबिसिन अमेरिकेत १९९५ साली मंजूर झालं, अल्ब्युमिनला बांधलेलं पॅक्लिटॅक्सेल २००५ साली. २०१२ साली अमेरिकेत त्या लायपोसोमचा तुटवडा पडला तेव्हा तिथल्या औषध प्रशासनानं सन फार्माचं लिपोडॉक्स भारतातून आणू दिलं. या लायपोसोमचा फायदा बऱ्याच अंशी हृदयावरचा त्रास कमी होण्यात, दिवाळीत सांगायला जरा फिकाच.

खरा मुद्दा पुढं आहे, आणि तो मला त्या संध्याकाळी काकांना उत्तर देता देता नीट लागला. गाठीतल्या रक्तवाहिन्या सच्छिद्र असतात, निचरा वाईट असतो, म्हणून कण तिथं साचतात, हे जपानमध्ये १९८६ साली मात्सुमुरा आणि माएदा यांनी मांडलं. उंदरात ते झकास दिसतं. माणसात मात्र प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. लंडनमध्ये १७ रुग्णांना इंडियम-१११ हे किरणोत्सारी मूलद्रव्य लावलेले लायपोसोम देऊन स्कॅन काढले होते, निष्कर्ष २००१ साली छापले. डोकं-मानेच्या गाठींत साठा सगळ्यांत जास्त, फुप्फुसात मधला, आणि स्तनाच्या गाठींत सगळ्यांत कमी. पुढं २०१७ साली पसरलेल्या हर-टू पॉझिटिव्ह स्तनकर्करोगाच्या १९ रुग्णांचे तांबे-६४ लावलेल्या लायपोसोमचे पेट स्कॅन प्रसिद्ध झाले. कण तोच, आजार तोच, आणि एका गाठीत जे पोचलं ते दुसरीच्या पस्तीसपट. ज्यांच्या गाठींत जास्त पोचलं त्यांना गुणही जास्त आल्याचं दिसलं. त्या औषधाची मोठी चाचणी मात्र २०१६ अखेर थांबवली गेली, नेहमीच्या उपचारापेक्षा सरस ठरत नव्हतं म्हणून.

तर दाखवणारा आणि बरा करणारा कण एकच असावा, याचं मोल इथं आहे. थोडी मात्रा आधी द्यायची, चित्र काढायचं आणि विचारायचं, पोचला का? पोचला असेल तर पुढची मात्रा. नसेल तर या बाईला हा कण द्यायचा नाही, दुसरं काही बघायचं. या घराण्यातला सगळ्यांत जुना उपचार आयोडीन-१३१. थायरॉइडच्या कर्करोगात तो १९४० च्या दशकापासून वापरतात. त्याचे गॅमा किरण कॅमेऱ्याला दिसतात, बीटा किरण पेशी मारतात. मावशीच्या समोरच्या वाड्यातल्या बाईंनी तो प्यायला होता, वेगळ्या खोलीत राहून आल्या होत्या. आधी स्कॅन काढून गाठ आयोडीन उचलते का ते पाहतात. न उचलणाऱ्या गाठीला देऊन उपयोग नसतो.

म्हणून मी भाऊला म्हटलं, केंद्राला फोन लाव, स्पीकरवर, आणि एवढंच विचार की आतापर्यंत किती जणांना तुम्ही स्कॅन काढून सांगितलंत की तुमच्या गाठीत कण पोचत नाहीत, घरी जा.

फोनवरची मुलगी गोड बोलणारी होती. म्हणाली, सर, आमच्याकडे सगळ्यांच्याच गाठीत पोचतो. भाऊनं पुन्हा विचारलं. सगळ्यांच्याच, सर. काकांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग मी चाचणीचा नोंदणी क्रमांक विचारला. भारतात माणसांवरच्या औषधचाचण्यांची सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत आधी नोंद करणं १५ जून २००९ पासून बंधनकारक आहे, ती कुणालाही उघडून बघता येते; २०१९ पासून नॅनो औषधांसाठी केंद्र सरकारची वेगळी मार्गदर्शक तत्त्वंही आहेत. उत्तर आलं, मॅडम, ही चाचणी नाही, हा वेलनेस प्रोटोकॉल आहे. मंजूर औषध आहे का? नाही, प्रोटोकॉल आहे. मंजूर नाही, चाचणीही नाही, मग ४ लाख ६० हजार कसले? एथिक्स कमिटीचं पत्र पाठवते म्हणाली. ते आलं नाही.

भाऊ त्या रात्री काही बोलला नाही. सकाळी त्यानंच सर्जनकडे फोन केला.

मधल्या दिवसांत गाठ वाढली असं नाही. अशा गाठीला १९ दिवस फार नसतात. पण पुढं ढकलायची सवय लागते. पहिली बैठक झाली असती तर दुसरी, मग 'अजून एक कोर्स', आणि मग सहा महिन्यांनी येणारी काख वेगळी असते. सर्जन रागावले नाहीत. म्हणाले, बार्शीहून, अक्कलकोटहून, पार विजयपूरहून माणसं अशी पत्रकं घेऊन येतात, पूर्वी झाडपाल्याची असायची, आता नॅनोची. बार्शीचा उल्लेख त्यांनी सहज केला, पण मला तो लागला. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी १९८७ साली आपल्या जिल्ह्यात, बार्शीत सुरू झाली. गावोगाव फिरून रुग्ण मोजायचे, लवकर या म्हणून सांगायचं, एवढं साधं काम. त्याच जिल्ह्यात मी १४२ नॅनोमीटरचा कण बसवत असते आणि लवकर या हे वाक्य मला दिवाळीत सुचत नाही.

भाऊचा एक शेवटचा प्रश्न उरला होता. प्रकाशाचे उपचार सगळेच थोतांड का? नाही. फोटोफ्रिन हे पॉर्फिरिनचंच औषध अन्ननलिकेच्या कर्करोगासाठी अमेरिकेत १९९५ पासून मंजूर आहे. नळीतून प्रकाश आत नेतात. ते घेतलं की निदान महिनाभर उन्हापासून जपावं लागतं. सोलापुरात हे एप्रिलमध्ये करून दाखवा म्हणावं. जपाननं २०२० साली डोकं-मानेच्या कर्करोगासाठी प्रतिपिंडाला थॅलोसायनिनचा रंग जोडलेलं औषध सशर्त मंजूर केलं. ते ऐकून काका सरसावून बसले. थॅलोसायनिन म्हणजे त्यांचा टर्क्वाईज, टॉवेलवाल्यांचा आवडता. "तो? तो तर सुतावर चढायला लई त्रास देतो," म्हणाले. गाठीवरही देतच असणार.

ऑपरेशन फेब्रुवारीत झालं. काखेतली पहिली ग्रंथी शोधायला सर्जननं स्तनात मिथिलीन ब्ल्यू टोचला, पाच मिनिटं हलकं चोळलं, आणि काखेत छोटा छेद घेतल्यावर दोन ग्रंथी निळ्या झालेल्या दिसल्या. त्याच काढल्या, दोन्ही स्वच्छ निघाल्या, बाकीची काख वाचली. हात सुजायचा धोका त्यानं बराच उतरतो. पूर्ण रिपोर्ट बघून केमोची गरज नाही असं ठरलं. रेडिएशन उन्हाळा वाढायच्या आत उरकलं, लेट्रोझोलची गोळी चालू आहे. सांधे धरतात म्हणून मावशी कुरकुर करते. २५ हजार अजून परत आलेले नाहीत. केंद्राचा नंबर आता लागत नाही. मी वर्गातल्या स्लाइड्समध्ये शेपटीसकट एक उंदीर घातला आहे आणि ०.७ हा आकडा पहिल्या पानावर आणला आहे. विद्यार्थ्यांचा उत्साह त्यानं कमी होतो का? थोडा होतो.

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीचं सांगायचं राहिलं. सकाळी मावशी बाथरूममधून घाबरीघुबरी बाहेर आली. लघवी हिरवीगार. भाऊ नर्सला बोलवायला पळाला. मी सांगू लागले की मिथिलीन ब्ल्यू १८७६ साली जर्मनीत कापडासाठीच बनवला, पुढं पॉल एर्लिख या जर्मन शास्त्रज्ञानं त्या रंगानं शरीरातले मज्जातंतू रंगवून दाखवले, आणि १८९१ साली तोच रंग हिवतापाच्या रुग्णांना औषध म्हणून दिला. दाखवणं आणि बरं करणं एकाच रेणूनं तेव्हाच...

काका मधेच उठले, आत जाऊन बघून आले आणि मावशीच्या खाटेशी बसले.

"बेसिक रंग आहे," म्हणाले. "कच्चा. दोन धुण्यांत जाईल."

तिसऱ्या दिवशी गेला.